ऐनाच्या मेढी

धाकलूची बैलगाडी दारात उभी राहिली तेव्हा सुंदरा ओटा सारवत होती. गाडीत दोन ट्रंका, एक पाळणा आणि मध्ये अवघडून बसलेलं मुंबईचं जोडपं. जपानचे बॉम्ब पडणार म्हणून मुंबई रिकामी होत होती, आणि त्या उन्हाळ्यात नेरळच्या आसपास गोठासुद्धा भाड्यानं जात होता.

"कुनाकडं रं आनलंस यांना, धाकलू?"

धाकलूनं बैलांच्या शेपट्यांकडं बघत सांगितलं, "हितंच, वैनी. मालकानं हेच घर दावलंय. नामादादानं काल गिरणीत अंगठा दिला म्हनं, जागा सोडली म्हनून. तुला बोलला नाय?"

बोलणार कधी? तिचा नवरा नामा आबाजीशेठच्या भातगिरणीत होता. शुक्राची चांदणी उगवायच्या आधी जायचा, गावातले दिवे विझल्यावर यायचा. लढाई सुरू झाल्यापासून तर गिरणीला रविवारही उरला नव्हता. यायचा तो कोंड्यानं पांढरा झालेला, घास हातात धरून पेंगणारा. काल एवढंच पुटपुटला होता, "चार महिनं गिरणीतल्या खोलीत राहू गं. चालनं तरी वाचंल." तिला वाटलं, झोपेत बरळतोय.

जागा मालकाची, आबाजीशेठचीच, हे खरं. पण तिच्यावरच्या घराचं ऐनाचं लाकूड, मेढींच्या खांबांपासून आढ्यापर्यंत, नामानं तोडलेलं आणि कुडाच्या भिंतींसाठी कारवीच्या काठ्या सुंदरानं माथेरानच्या उतारावरून डोक्यावर वाहून आणलेल्या. तेव्हा ती पोटुशी होती. जाऊ गोदाबरोबर माती तुडवताना तिनं ओवी जुळवली होती:

कारवीचा माझा कूड, माती मळली पायानं
घर लिंपिलं गं बाई, नवव्या महिन्याच्या भारानं

ते बाळ दहाच दिवस राहिलं. घर तेवढं राहिलं.

सुंदराच्या अंगाची आग आग झाली. तिनं शेणाचे हात धुतले, मुंबईच्या बाईला तांब्याभर पाणी दिलं, "तू बस गं आंब्याखाली, तुजा काय दोष," म्हणाली, कोयता कमरेला खोचला आणि छपरावर चढली.

पेंढ्याची पहिली जुडी खाली आली. दुसरी आली. शेजारून गोदा धावली. "अगं सुंदरे, येड लागलं का? उतर गं खाली!"

"बोंबलू नकोस. मी वासे सोडते, ते घे न् तुज्या परसात टाक."

गोदानं क्षणभर तिच्या तोंडाकडं बघितलं आणि पदर खोचला.

कुणीतरी गिरणीत वर्दी दिली. घटकाभरानं आबाजीशेठ छत्रीखाली घाम पुसत आला. मागं नामा. बायकोला आवर म्हणून मालकानं त्याला चालू यंत्रावरून उठवून आणला होता.

"सुंदरे! हे काय मांडलंयस? नामानं कागद करून दिलाय. जागा सोडली, असं स्वच्छ लिहिलंय त्यात."

"मंग मी दुसरं काय करते, मालक? सोडतेच हाय." तिनं सुंभाची गाठ तोडली. "जागा मालकाची, लाकूड राहनाऱ्याचं, हे तुमच्या वडलांपासनं चालत आलंय ना? पलीकडची चिंधी घर सोडून गेली तवा दाराची चौकटबी घेऊन गेली. गाडी तुमीच दिली हुती की!"

"अगं, पण मी यांच्याकडून भाडं..." मालकानं मुंबईकराकडं पाहिलं. तो छपरातून दिसणाऱ्या आभाळाकडं बघत होता.

"जमिनीचं घ्या भाडं. जमीन आमी कुठं नेतोय?"

धाकलू फिसकन हसला आणि बैलांना उगाच गोंजारू लागला.

आबाजी नामावर उखडला. "बघतोस काय? थांबव तिला!"

नामा कुडाकडं बघत होता. "ही खिडकी कदी पाडलीस गं?"

सुंदराचा हात थांबला. मालकावरचा सगळा राग एका झटक्यात नवऱ्यावर वळला.

"खिडकी? दोन वरसं झाली खिडकीला! दोन वरसं तिच्यातनं ऊन तुज्या अंथरुनावर पडतंय. तू असतोस कुठं? दिस त्या यंत्रानं खाल्ला, झोप खाल्ली, न् उरलं हुतं ते घर तू सोताच्या अंगठ्यानं त्याच्या ताटात वाढलंस! चालनं वाचंल म्हनं! खोली कुनाची? त्याची. मंग तो अपरात्रीबी हाक मारंल, न् तुला उठावं लागंल. आता निदान वाटंवर तरी तू तुजा असतोस!"

दूर गिरणीचा भोंगा वाजला.

"चल," आबाजी म्हणाला. "नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"जा की!" सुंदरा वरून ओरडली. "पन आधी हे आढं उतरव न् चार मेढी उपट. ऐनाच्या हायेत, तूच पुरल्यास, माज्यानं हलायच्या नायत. तेवढं कर, न् मंग जा त्या यंत्राच्या पोटात."

नामानं सदरा काढला. कोंडा उडाला. आढं उतरवून तो मेढीशी बसला आणि पहारीनं माती उकरू लागला, सावकाश, कुठंच जायचं नसल्यासारखा. आबाजी तीनदा "अरे नामा" म्हणाला. चौथ्यांदा म्हणाला नाही. आंब्याखालची बाई उठून पाळणा पुन्हा गाडीत चढवू लागली.

ऊन कललं तशी पहिली मेढ हलली.

"एका बाजूनं धरतेस का?" नामानं विचारलं.

"धरते," सुंदरा म्हणाली. "पन बोलू नकोस माज्याशी."