नेटजवळचे तीस बॉल

पोरी मला पाठीमागे 'तोफ' म्हणायच्या. पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. मुलींच्या टेनिसची प्रशिक्षक म्हणून मी या कॉलेजात आले तेव्हा वाचनालयाच्या मागे सिमेंटची दोन कोर्ट होती आणि त्यातल्या एकावर प्राध्यापक मंडळी गाड्या लावायची. संघात सहा मुली, त्यातल्या चार हजेरीत सवलत मिळते म्हणून आलेल्या. दुसऱ्याच आठवड्यात मी एका गाडीच्या काचेवर सर्व्हिस मारली. एकच. काच गेली, मग गाड्याही गेल्या. मला मेमो मिळाला. तो मी बॉल ठेवायच्या खोलीच्या दाराला आतून चिकटवला, पोरींना रोज दिसावा म्हणून.

राग माझ्या नाकावरच बसलेला असतो, हे मान्य. पण मारायला मी रागातून नाही शिकले, रीतसर शिकले. मला ज्यांनी खेळ शिकवला त्यांना आम्ही वस्ताद म्हणायचो. वस्ताद मला नेटजवळ उभं करायचे आणि पलीकडून अंगावर बॉल हाणायचे. सोळाव्या वर्षी एका सकाळी माझे समोरचे दोन दात गेले. "रक्त थुंक आणि उभी राहा," ते म्हणाले. मी थुंकले, उभी राहिले. त्याच वर्षी मी पहिली मोठी स्पर्धा जिंकले. झालं, डोक्यात पक्कं बसलं की दात गेले म्हणून कप आला. दात राहिले असते तर आला नसता का, हा प्रश्न मला पुढची अडतीस वर्षं पडला नाही.

तोच सराव मी इथे आणला आणि त्याला 'भिंत' असं नाव दिलं. डबल्समध्ये नेटवरची मुलगी घाबरली की जोडी संपली, म्हणून तिची भीती आधीच मारून टाकायची, एवढाच त्यामागचा हिशोब. मुलगी नेटपासून दोन पावलांवर. मी पलीकडे सर्व्हिस लाइनवर, शेजारी बॉलची टोपली. तीस बॉल, सगळे अंगावर. खांदा, छाती, पोट, मांडी. तिने मागे सरायचं नाही, डोळे मिटायचे नाहीत, जमेल तो परतवायचा. डोळा मिटला की मोजणी पुन्हा एकपासून. मानेच्या वर मारायचं नाही, हा माझा स्वतःचा नियम, आणि तो मी पाळला. म्हणजे बहुतेक वेळा पाळला. बावीस वर्षांत एक नाक, दोन ओठ आणि एक करंगळी, एवढंच काय ते नुकसान.

निळ्या डागांची तर गणतीच नाही. पोरी ते कपडे बदलायच्या खोलीत एकमेकींना कौतुकाने दाखवायच्या. एकीची आई एकदा तरातरा आली, म्हणाली, माझ्या मुलीच्या अंगाची काय दशा केलीत. मी म्हटलं, बाई, हे टेनिस आहे, भरतकाम नाही, ते हवं असेल तर वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे. ती गेली. मुलगी राहिली आणि तीन वर्षं खेळली. आंतरमहाविद्यालयीन ढाल आम्ही नऊ वेळा आणली. नऊ ढाली आणल्यावर माणसाला कोण काय विचारणार?

मग दादाची धाकटी आमच्या कॉलेजात आली. घरात तिला सगळे बारकी म्हणतात, कारण हाडाला चिकटलेलं मांस शोधून सापडायचं नाही. दादा माझा थोरला भाऊ, बस चालवतो. मला मूलबाळ नाही, आणि बारकीच्या हातात पहिली रॅकेट मी दिली तेव्हा ती सहा वर्षांची होती. कोर्टवर ती मला मॅडम म्हणायची, फाटकाबाहेर पडलो की लगेच आत्या. डाव्या हाताने खेळायची आणि नेटवर अशी झेपावायची की बघत राहावं. तिला देशाच्या संघात बघायचं, हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं, आणि ते काही उगाच नव्हतं.

फायनलला तीन आठवडे राहिले होते. सोमवारी सकाळी मी बॉलच्या खोलीत टोपल्या भरत होते. शेजारची खोली पोरींची, मधल्या भिंतीला वर नुसती जाळी. आतून आमच्या कप्तानाचा आवाज आला. "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आपल्याला दगड मारते आणि भाचीला कापूस." सगळ्या हसल्या. बारकीही त्यांत होती, तीही हसली. म्हणाली, "अगं, कापूसही लागतो, मी मऊ आहे ना."

तळपायाची आग मस्तकात गेली. कारण ते खरं होतं. तीसमधले पाच-सहा बॉल मी बारकीला हातचं राखून मारायचे. कोणाला कळणार नाही असं वाटायचं, मलासुद्धा कळू नये अशा बेताने मारायचे. आता चिडायचं तर कप्तानावर चिडावं, नाहीतर स्वतःवर. मी चिडले बारकीवर. ती हसली, एवढाच तिचा गुन्हा.

सगळ्यांना कोर्टच्या कडेला उभं केलं. "आज भिंत एकटीची," मी म्हटलं. "बारकी, पुढे ये. तीस नाही, साठ." भिंतीला नेहमी जुने, केस गेलेले बॉल वापरतो आम्ही. मी नवे डबे फोडले. कप्तान माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे बघत होते, आणि बारकी बिचारी नेटजवळ जाऊन उभी राहिली.

पहिला गळ्याखालच्या हाडावर बसला. दुसरा तिथेच. ती परतवत होती, पण मी सावरायला वेळच देत नव्हते. मांडीवर दोन, पोटात एक. पोटातल्याने ती वाकली, मी थांबले नाही, पुढचा खांद्यावर. विसाव्याला माझा खांदा दुखायला लागला आणि मला बरं वाटत होतं. हे सांगायची लाज वाटते, पण बरं वाटत होतं. पंचविसावा तिच्या रॅकेटच्या कडेला लागून ओठावर उडाला. रक्त हनुवटीवरून टी-शर्टवर आलं. तिने ते मनगटाने पुसलं आणि उभी राहिली.

कप्तान म्हणाली, "मॅडम, बास. आमचंच चुकलं."

"तुला विचारलं का मी?"

एक्केचाळिसाव्याला तिच्या रॅकेटची तार तुटली. टण्ण असा आवाज मला इकडे ऐकू आला. तिने रॅकेटकडे पाहिलं, मान कडेला वळवली दुसरी मागायला, आणि उजवा हात वर केला. थांबा. टेनिस खेळणाऱ्या कोणालाही हा हात कळतो, हात वर असला की बॉल मारायचा नाही. मी तेव्हा बॉल उडवलेलाही नव्हता. तो माझ्या मुठीत होता. ऊन माझ्या पाठीमागून येत होतं, तिच्या हाताची पाचही बोटं मला स्वच्छ दिसत होती. मनात आलं, आता थांबले तर या सटव्या म्हणणार, बघा, भाचीसाठी थांबली. मी बॉल उडवला आणि मारला. होता तेवढा सगळा जोर लावून, मानेच्या वर.

ती बसकण मारल्यासारखी खाली बसली. ओरडली नाही. तोंडावर दोन्ही हात, आणि बोटांमधून रक्त आणि पाणी एकत्र येत होतं. मी नेटवरून उडी टाकून पोचले तेव्हा ती म्हणाली, "फार नाही लागलं, आत्या." डावा डोळा होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तिशीच्या असतील. त्यांनी सांगितलं, डोळ्याच्या आतला पडदा फाटलाय. दोन ऑपरेशनं झाली. दुसऱ्यानंतर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, उजेड-अंधार कळेल, त्यापलीकडे काही नाही. दादा बसच्या गणवेशातच आला होता. "कसं झालं गं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "बॉल लागला." खोटं नव्हतं ते, पण खरं अजिबात नव्हतं. तो माझा हात धरून रडला आणि मलाच समजावत बसला. "तू तरी काय करणार, खेळच तसला." त्याने तिथेच माझ्या कानाखाली जाळ काढला असता तर मी सुटले असते.

चौकशी बसली, बसणारच होती. आदल्या दिवशी कप्तान बाकीच्या पोरींना घेऊन माझ्याकडे आली. डोळे सुजलेले. "आम्ही सगळ्यांनी एकच लिहून दिलंय मॅडम. चुकून लागला. तुम्हाला तिचा हात दिसला नसेल, ऊन डोळ्यांवर होतं." ऊन कुठे होतं हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. या खोलीतलं त्या खोलीत जाऊ द्यायचं नाही, हे त्यांना मीच शिकवलं होतं आणि त्या चांगल्या शिकल्या होत्या. मी फक्त मान हलवली.

मग प्राचार्यांनी बोलावून घेतलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची, मॅडम," ते म्हणाले. "अपघात म्हणून नोंद झाली की तुम्ही चार वर्षांनी सन्मानाने निवृत्त व्हाल. मुली फायनल खेळतील. नाहीतर नोकरी गेली, पोलीस आले, संघ बंद." मी म्हटलं, बघते.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं. पलीकडे प्राचार्य, क्रीडा संचालक आणि संस्थेच्या वकीलबाई. अलीकडे मी. दाराजवळच्या खुर्चीवर दादा. बारकीला मध्ये बसवलं होतं, डोळ्यावर पांढरी पट्टी, ओठ अजून जाड. ओठावरच्या टाक्यांमुळे शब्द जरा जाड येत होते.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "तार तुटली आणि मी बॉलवरची नजर काढली. हात वर केला, पण उशिरा केला. मॅडमना तो दिसायचा प्रश्नच नव्हता. दिसला असता तर त्यांनी मारलाच नसता."

वकीलबाई लिहीत होत्या. प्राचार्य मान डोलवत होते. आणि ती पुढे बोलतच होती, की मॅडमची काही चूक नाही, मॅडम दवाखान्यात तीन दिवस जेवल्या नाहीत, मॅडमना काढू नका. एकोणीस वर्षांची पोर, एक डोळा घालवून बसलेली, आणि माझी वकिली करत होती. माझ्याच्याने ऐकवेना. मी टेबलावर मूठ आपटली, पाण्याचा ग्लास लवंडला आणि सगळे कागद भिजले.

"खोटं आहे," मी म्हटलं. "नवा कागद घ्या आणि लिहा. तिने हात वेळेवर वर केला. बॉल माझ्या मुठीत होता. हात मला दिसला. दिसला आणि मग मी मारला."

"मॅडम, तुमची मनःस्थिती ठीक नाही," प्राचार्य म्हणाले.

"माझी मनःस्थिती उत्तम आहे. तेव्हाही उत्तम होती. लिहा."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. थोडा अभिमानही वाटला, का खोटं बोलू. नोकरी गेली तर गेली, पण आता ही पोर स्वतःला दोष देत बसणार नाही, आत्याने निदान तेवढं तरी केलं, असं वाटत होतं.

दादा उठला. मी त्याला येताना पाहिलं. पहिली थोबाडीत बसली तेव्हा मी उभी होते, दुसऱ्या फटक्याला टेबलावर आदळले आणि कपाळ फुटलं. "माझ्या हाताने तुझ्याकडे दिली होती," तो म्हणत होता आणि मारत होता. "माझ्या हाताने, बये." त्याने खुर्ची उचलली. क्रीडा संचालकांनी त्याला मागून कवळ घातली, त्यांचाही चष्मा फुटला. मी हात वर केले नाहीत. मारू द्या त्याला, असं मी म्हणाले असं नंतर कळलं.

"बाबा, थांबा," बारकी म्हणाली. हळूच म्हणाली, पण तो थांबला. खुर्ची खाली ठेवली आणि तिच्यावरच बसून तोंड झाकून घेतलं.

ती माझ्याजवळ आली. मला नीट बघायला तिला अख्खी मान वळवावी लागली. मला वाटलं, आता हीपण मारणार, आणि मारावंच असं वाटत होतं. तिने मारलं नाही.

"दोन्ही ऑपरेशनच्या वेळी मी एकच घोकत होते," ती म्हणाली. "तिला दिसलं नाही. आत्याला दिसलं नाही. डोळ्याचं मी कसंही निभावलं असतं."

मी म्हटलं, "बारके, तू स्वतःला दोष देऊ नयेस म्हणून मी खरं..."

"माझ्यासाठी बोललीस होय," ती म्हणाली. "तेवढं एक तरी मला राहू द्यायचंस ना."

तिने दादाला उठवलं. तो तिच्या डाव्या बाजूला गेला, तिचा हात धरला, आणि दोघं जिना उतरून गेली. माझ्या कपाळातून रक्त डोळ्यात येत होतं, ते मी पुसलं. वकीलबाईंनी नवा कागद माझ्यापुढे सरकवला, कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं, आणि मी सही केली.