आष्ट्याचा ब्लॉग आणि रामगोंडाअण्णांचा उपास

हे तुम्हाला पटणार नाही, आधीच सांगून ठेवतो. आमच्या घरी तर ही गोष्ट सुरू केली की मांजरसुद्धा उठून जातं. पण ब्लॉग म्हणजे काय हे जगाला कळायच्या आधी, अठ्ठ्याण्णव साली, आष्ट्यात माझ्या सातवीच्या वर्गात तो चालू होता.

"काय गुरुजी! तवा आष्ट्याला साधा फोन लागायची मारामार," धुळा म्हणाला. तो आणि अर्जुना इथले हमाल. सौदे निघायला अवकाश होता, म्हणून सांगलीतल्या या हळदीच्या पेढीपुढं पोत्यांना टेकून बसले होते.

लागायचा फोन. तार उसातनं ओढली होती. तारेवर कावळा बसला की मजकुरात एक काना जादा उमटायचा. पान उघडेपर्यंत पोरं घरी जाऊन जेवून यायची. पण उघडलं की बघत राहावं! आजचं लिहिलेलं वर, कालचं खाली, आणि ज्याला जे सुचेल ते त्यानं त्याच्याखाली लिहायचं. कुणी उभं राहून उत्तर द्यायचं नाही, कुणी कुणाला हसायचं नाही.

आता आत गादीवर कोण बसलंय तिकडं बघू नका. माझ्याकडं बघा.

वर्गात ब्राह्मी नावाची पोरगी होती. हळदीचे दलाल रामगोंडाअण्णा, त्यांची धाकटी. हुशार, पण बोलायला उभी केली की ओठ शिवल्यासारखे. ब्लॉगवर मात्र सगळ्यात जास्त लिहायची तीच. अमेरिकेतला एक म्हातारा तिला रोज काहीतरी विचारायचा. हळद शिजते कशी, हे तिनं त्याला इतकं झकास लिहून कळवलं की आमच्या कॉम्प्युटरला हळदीचा वास यायला लागला.

"आत्ता गं बया!" अर्जुना म्हणाला.

एका दुपारी रामगोंडाअण्णा बाजार आटोपून थेट वर्गात आले.

"गुरुजी, पोरीचं नाव काढा."

"का हो अण्णा?"

"आवं, घरात बोलत न्हाई, शाळंत बोलत न्हाई. लोक मुकी म्हणत्यात. हितं बाकडं झिजवण्यापरास आईच्या हाताखाली चार कामं तरी शिकंल."

ब्राह्मी पहिल्या बाकावर मान खाली घालून वेणीची रिबीन बोटाला गुंडाळत होती. मी वाद घातला नाही. दलालाला बोलण्यात हरवणारा अजून जन्मायचाय. म्हटलं, "काढतो की. आधी एवढं वाचा."

पोरीनं सकाळीच लिहिलं होतं: 'आमचे आप्पा बाजारात तोंडानं भाव सांगत नाहीत. रुमालाखाली हात घालून समोरच्याची बोटं दाबतात. त्यांना सगळे शहाणे म्हणतात. मी बोलत नाही, तर मला मुकी म्हणतात.'

खाली पोरांनी विचारलं होतं, कुठलं बोट दाबलं म्हणजे काय? आणि हिनं एकेक बोट फोडून सांगितलं होतं.

अण्णा हळदीच्या गड्ड्यासारखे पिवळे पडले. लेकीचं दुःख राहिलं बाजूला, त्यांना दिसली ती बोटंच.

"आवं गुरुजी, धंद्याचं गुपित उघड्यावर मांडलं की हो कार्टीनं! पुसा! पुसा आधी!"

"आता काय पुसता? तिकडं अमेरिकेत वाचून झालं."

पण तेवढ्यात त्यांची नजर सम्मेदच्या ओळीवर गेली. त्या बहाद्दरानं ठोकून दिलं होतं, मधलं बोट दोनदा दाबलं की सौदा मोडला.

"ह्ये कुणी लिवलं? साफ चूक हाय!" अण्णांना राहवेना. त्यांनी बाह्या सारल्या आणि खाली बरोबर काय ते लिहिलं. ब्राह्मी उठली, तिनं त्याखाली लिहिलं, 'मग आप्पा, सौदा मोडायचा कसा?' अण्णांनी लिहिलं. तिनं पुढचं विचारलं. पोरं घरी गेली तरी बापलेक खांद्याला खांदा लावून लिहीतच होते. तोंडानं अवाक्षर नाही.

शेवटी तिनं लिहिलं, 'आप्पा, माझं नाव काढणार?'

 अण्णांनी खांद्यावरचा रुमाल काढून तिच्या हातावर टाकला, खाली आपला हात घातला आणि बोटं दाबली. काय दाबलं ते मला दिसलं नाही. पोरगी मात्र हसली, आणि हजेरीत नाव राहिलं.

बाहेर बघतो तर दिवस मावळलेला! अण्णा पडले जैन, मावळतीनंतर तोंडात घास घालायचा नाही. लिहिण्याच्या नादात त्या रात्री उपाशी झोपले. आम्हाला मात्र अंधार झालेला कळलाच नाही, कॉम्प्युटरचा उजेडच तेवढा...

"गुरुजी!"

आतनं गादीवरून हाक आली. समोरच्या पेढीवरची माणसं वळून बघायला लागली, असा बाईचा खणखणीत आवाज.

"शाळंत वीज तरी होती का, आँ? मागच्या भिंतीवरचा फळा होता त्यो! आन् अमेरिकेतला म्हातारा म्हंजे तुमीच, डाव्या हातानं लिवायचा! आप्पा उपाशी झोपले, तेवढं खरं!"