दोन नावांची साक्ष

मी एक पितळेचं ताट बोलतंय. त्या मंगळवारी सकाळी सगुणा माझ्यात तांदूळ निवडत होती. कोळीण येऊन गेली होती, बांगडे धुवायचे होते. तेवढ्यात सानिका, तिच्याकडे राहून नोकरी करणारी भाची, चपला न काढताच स्वयंपाकघरात आली.

"आत्ये, गौरवचा फोन होता. तुला सांगायचा त्याला धीर होत नाही."

गौरव सगुणाचा एकुलता एक. सहा वर्षं परदेशात कामाला, तिथे एकटाच राहतो. त्याला रक्ताचा कर्करोग निघाला होता. डॉक्टरांनी महिने नव्हे, आठवडे सांगितले होते. 'आई येईल का,' एवढंच त्याने विचारलं होतं.

पासपोर्ट तयार होता. व्हिसाचा अर्ज दुसऱ्याच दिवशी गेला. आठवड्याने तिकडच्या कचेरीचं उत्तर आलं. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव गंगा आहे आणि अर्ज सगुणाचा आहे. आपणच त्याची आई असल्याचा पुरावा द्या.

पुरावा मी आहे.

मला चिपळूणच्या बाजारात एका तांबटाने घडवलं. सगुणाच्या नवऱ्याच्या, आत्मारामच्या, वडिलांनी त्याच्या लग्नासाठी मला विकत घेतलं. लांज्याची गंगा रत्नागिरीला सासरी आली, त्या संध्याकाळी माझ्यात तांदूळ पसरले आणि आत्मारामने अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहिलं, सगुणा. सगळे बघत होते म्हणून तो एकेक अक्षर जपून गिरवत होता. "अहो, बायकोचं नाव आहे, परीक्षेचा पेपर नाही," कुणीतरी म्हणालं आणि बायका हसल्या. मग ते तांदूळ गोळा केले. माझ्या अंगावर ओरखडासुद्धा राहिला नाही. माणसं एवढी मोठी गोष्ट इतक्या पुसट जागी का लिहितात, मला अजून कळलेलं नाही.

पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झालं. जन्माची नोंद करायला तिचा भाऊ आप्पा गेला. परवा सानिकाने त्याला, म्हणजे आपल्या वडिलांना, विचारलं, "बाबा, तुम्ही गंगा का सांगितलंत?"

"मग काय सांगणार? आमच्या घरात तिला दुसऱ्या नावाने हाक कोण मारतं गो?" आप्पा तडकला. "त्या साहेबांना म्हणावं, मी तिचा भाऊ कशावरून, त्याचाही कागद मागा!" मग त्याने पंचा तोंडावर धरला.

लग्नाची नोंद कधी केलीच नव्हती. आत्माराम चार वर्षांपूर्वी गेला. सगुणाने प्रतिज्ञापत्र करून पाठवलं. तेव्हापासून सानिका रोज त्या कचेरीला फोन लावते.

"हो, नंबर तोच. हो, काल पण मीच बोलले होते."

अर्ज विचाराधीन आहे, असं पलीकडची मुलगी गोड आवाजात सांगते.

"मॅडम, माणूस मरतोय हो," सानिका एकदा म्हणाली. पलीकडून नुसतं संगीत ऐकू येऊ लागलं.

एका दुपारी सगुणाने मला फळीवरून काढलं. एरवी मी पिठाच्या डब्यावरचं झाकण असतं. तिने मला आमसुलाने घासून लख्ख केलं आणि तांदूळ पसरले. बोटाने 'गंगा' लिहिलं, पुसलं, 'सगुणा' लिहिलं.

"याचा व्हिडिओ काढ आणि पाठव त्यांना."

"आत्ये, हसतील गो ते."

"हसू देत. बघतील तरी."

व्हिडिओ ग्राह्य नाही, असं दोन दिवसांनी कळलं.

गौरव संध्याकाळी फोन करतो. त्याचा आवाज आता फार बारीक झाला आहे. एकदा त्याने विचारलं, "आई, कुठवर आलंय?" आणि सगुणा बोलून गेली, "मिळाला रे व्हिसा." मग थांबता येईना. रोजच्या फोनवर ती बॅग भरू लागली, मग मुंबईलाही पोचली.

"कुळथाचं पीठ घेतलंस?"

"घेतलंय."

"विमानतळावर काढून घेतील."

"घेऊ देत. दुसरी पिशवी लपवलेय मी."

तो हसला आणि मग खोकत राहिला.

आज सानिकाने त्याला सांगितलं, आत्ये विमानात बसली, आता फोन लागणार नाही. सगुणा शेजारीच होती, तोंडात पदर कोंबून.

वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कुणी तसल्या कचेरीत बसत असाल, तर ती फाईल तेवढी वर काढा. ती दोन्ही नावं एकाच बाईची आहेत. मी पाहिलंय.

त्याच्या हिशोबाने विमान उद्या दुपारी उतरेल. त्याला खरं सांगायचं राहिलं आहे.