राखणीला एकच

कोंबड्या तिसऱ्या मजल्यावर नेता येत नव्हत्या, ताईचं सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

मेट्रनबाई दर रविवारी फोन करायच्या. दोघींनी अख्खी नोकरी एकाच हॉस्पिटलात काढली, मेट्रनबाईंनी वॉर्डात आणि ताईने औषधांच्या खिडकीमागे. निवृत्त झाल्यावर मेट्रनबाईंनी दुसऱ्या शहरात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांची जागा घेतली होती. "एक खोली माझी, एक तुझी," त्या म्हणायच्या. "स्वयंपाक एकत्र. भांडण झालं तर आपापलं दार लावून घ्यायचं. ये की गं." ताई म्हणायची, येते. आणि जायची काही नाही.

का जात नाही असं विचारलं की ती कोंबड्यांकडे बोट दाखवायची. मागच्या अंगणातला तो डझनभर कोंबड्यांचा संसार तिने पिल्लांपासून वाढवला होता. कोण कुणाला टोचते, कोण अंडी नसताना उगाच खुडूक बसते, लंगडीला दाणे कुठे टाकायचे, सगळं तिला तोंडपाठ. विकायच्या म्हणजे कुणाच्यातरी पातेल्यात घालायच्या, तेवढं काळीज तिच्याकडे नव्हतं. मागे ठेवायच्या तर छोटूच्या भरवशावर.

छोटू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. पोट सुटलेला, मिशा पिकलेल्या, छापखान्यात फोरमन, हाताखाली दहा माणसं. तरी अख्खी गल्ली त्याला छोटूच म्हणायची. माणूस सोन्यासारखा. पण खुराड्याची कडी लावायची असते हे त्याच्या गावीही नव्हतं, कारण ती रोज आपोआप लागलेली असायची. त्याच्या बायकोला पिसांनी शिंका यायच्या, त्यामुळे तिचा प्रश्नच मिटला होता.

त्यात मुंगूस सोकावलं. ताई दाढ काढायला गेली तेवढ्यात भर दुपारी त्याने दोन कोंबड्या नेल्या. छोटू मागच्या पायरीवर पेपर वाचत बसला होता.

"मी इथेच होतो गं," तो म्हणाला. "पण मला कळलंच नाही."

"अरे, मी एका दाढेपायी गेले तर दोन गेल्या," ताई म्हणाली. एका बाजूचा गाल सुजला होता तरी तोंडाचा पट्टा चालूच होता. "कायमची गेले तर उरणार काय, पिसं?"

छोटू खरोखर ओशाळला. छापखान्यात कुणाकुणाला विचारून त्याने दोन दिवसांत तोडगा आणला. "राखणीचा पक्षी मिळतो, ताई. कोंबड्यांत सोडून द्यायचा, तो सगळ्यांना सांभाळतो. तुझ्या जागी एक आणून ठेवू, म्हणजे तू जायला मोकळी."

तुझ्या जागी. ताईला ते जरा लागलं. पण तो काही वावगं बोलला नव्हता. आई अंथरुणाला खिळली तेव्हा छोटू शाळेत होता. ताईला सांगून आलेली स्थळं 'सध्या नको' म्हणून परत गेली, आणि ते सध्या काही संपलंच नाही. याचं तिने कधी भांडवल केलं नाही. विसरलीही नव्हती.

सुट्टीच्या दिवशी दोघं हॅचरीत गेली. पत्र्याच्या लांब शेडमध्ये दिव्यांची ऊब, भुशाचा वास आणि कानठळ्या बसवणारी चिवचिव. हॅचरीवाला बोलका होता, गिऱ्हाईक सोडायचं नाही ही त्याची रीत. आधी त्याने गिनी कोंबड्या दाखवल्या. करड्या अंगावर पांढरे ठिपके, डोकं मात्र एवढंसं. "परकं काही दिसलं की असा गलका करतात, की मेलेला उठून बसेल," तो म्हणाला.

"आणि काही नाही दिसलं तर?"

"तरी करतात," त्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

छोटूची पाळी रात्रीची, झोप दिवसाची. त्याने लगेच मान हलवली. मग टर्कीचा नर दाखवला. तो पंख फुलवून, शेपटीचा पंखा करून त्यांच्यासमोरून दोनदा गेला, आणि एका कोंबड्याने आवाज केल्याबरोबर सगळा रुबाब आवरून पिंपामागे जाऊन उभा राहिला.

"हा आपल्या साहेबांसारखा आहे," छोटू म्हणाला. "नको."

शेवटी कोपऱ्यात ठेवलेली राजहंसाची पिल्लं. नावाला राजहंस, पण दिसायला पिवळ्या कापसाचे दोन गोळे, एकाच्या मानेवर दुसऱ्याची मान. एक पाण्याकडे गेलं की दुसरं मागोमाग.

"ही घ्या," हॅचरीवाला म्हणाला. "मोठा झाला की कुत्र्याच्या अंगावर जाईल. फक्त एकच न्या."

"का?" ताईने विचारलं. "दोन असले तर राखण दुप्पट."

"तिथेच लोक फसतात. जोडी नेली की ती एकमेकांत रमतात, तुमच्या कोंबड्या गेल्या उडत. एकटा वाढवा. आपल्या जातीचं कुणी दिसलंच नाही, की तो कोंबड्यांनाच आपलं मानतो. मग त्यांच्यासाठी जीव टाकतो."

ताई पिल्लांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो, चांगली होते तशी राखण. आमच्या घरात करून बघितलंय."

हॅचरीवाला हसला, त्याला वाटलं यांनी पूर्वी राजहंस पाळला असेल. छोटू हसला नाही. तो एकदम शेडच्या पत्र्याला कुठे गंज लागलाय ते बघायला लागला.

एकच पिल्लू आणलं. वाटेत खोक्यात ते सारखं ओरडत होतं. घरी आल्यावरही ते दिवसभर जाळीच्या कडेकडेने फिरून शोधत होतं. मग थकलं. लंगडी कोंबडी स्वभावाने गरीब, तिने त्याला अंगाशी बसू दिलं. त्यानंतर ते तिच्यामागे फिरायला लागलं, तिच्यासारखं माती उकरायचा प्रयत्न करायला लागलं, आणि त्या चपट्या पायांनी ते काही जमेना. ताई पोट धरधरून हसायची.

बघता बघता तो राजहंस कोंबड्यांपेक्षा दुप्पट उंच झाला, पांढराशुभ्र, पिवळ्या चोचीचा. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्याने एकदाच मागचं फाटक उघडलं. त्यानंतर तो माणूस पुढच्या दारानेच यायला लागला. आणि मुंगूस आलं तेव्हा ताई भांडी घासत होती. फूत्कार ऐकून ती ओल्या हातांनी धावली, तोवर सगळं उरकलं होतं. पंख पसरून, मान जमिनीलगत लांब करून त्याने मुंगसाला भिंतीपर्यंत नेलं होतं, आणि कोंबड्या मागे एका ठिकाणी गोळा होऊन उभ्या होत्या. एकीचंही पीस गेलं नव्हतं.

छोटूने गल्लीभर ते सांगितलं. "बघितलंस?" तो ताईला म्हणाला. "याला खायची शुद्ध नसते, आधी त्या खातात, मग हा. याला दुसरं काही लागतच नाही. आता तू बिनधास्त जा."

याला दुसरं काही लागतच नाही. हे वाक्य ताईने आधी ऐकलेलं होतं. आई पाहुण्यांना सांगायची, तिच्यासमोर, कौतुकाने.

अंगणाच्या भिंतीला जुन्या कपाटाचं आरशाचं दार टेकवून ठेवलेलं होतं, भंगारात द्यायचं म्हणून. दुपारी कोंबड्या मातीत अंग टाकून पडल्या, की राजहंस त्या आरशाशी जायचा. पहिल्यांदा ताईला वाटलं भांडतोय. पण तो भांडत नव्हता. हलक्या आवाजात काहीतरी बोलायचा, थांबायचा, मान वाकडी करायचा. काचेवर चोच घासायचा, समोरच्याच्या मानेवर मान टाकायला बघायचा आणि घसरायचा. कोंबडी ओरडली की लगेच परत कामावर. ताई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून हे बघायची. फार वाईट वाटायचं तिला, उगाच नव्हे, ओळखीचं वाईट.

रविवारी मेट्रनबाईंचा फोन आला. मुंगसाची हकिगत ऐकून त्या खूश झाल्या. "मग आता कसली वाट बघतेस?"

"अहो, तो आरशाशी बोलतो."

"कोण, छोटू?"

ताईने सगळं सांगितलं. मग मेट्रनबाई म्हणाल्या, "एका पक्ष्यासाठी एवढं डोकं शिणवू नये गं."

"पक्ष्यासाठी नाही शिणवत. मी सुटायचं म्हणून कुणालातरी तसंच अडकवून जायचं, ते मला नको. माझ्या जागी मला कुणीच ठेवायचं नाही."

"म्हणजे तू येणार नाहीस."

"येणार आहे," ताई म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. "खोली झाडून ठेवा."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच हॅचरीत गेली. दुसरं पिल्लू अजून तिथेच होतं. आता ते पिल्लू कसलं, चांगली मोठी मादी झाली होती आणि फाटकाशी दोरीने बांधलेली होती. हॅचरीवाल्याने बजावलं, "राखण जाईल हं, ताई. मागाहून मला बोल लावू नका."

"जाऊ दे," ताई म्हणाली.

अंगणात सोडल्यावर दोघांनी आधी एकमेकांवर फूत्कार टाकले. दोन दिवस तिसऱ्याच कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे लांब लांब राहिले. मग एका सकाळी ताईने खिडकी उघडली, तर जोडी भिंतीच्या सावलीत बसलेली, एकाच्या मानेवर दुसऱ्याची मान. कोंबड्या पार फाटकापर्यंत पांगल्या होत्या. त्यांच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

छोटू पाळीवरून आला आणि कपाळाला हात लावून पायरीवर बसला. "झालं. चांगल्या राखणदाराची तू माती केलीस. आता यांना बघणार कोण?"

"तू."

"मला नाही जमत ते, तुला माहितीये."

"तुला जमत नाही, कारण तुला कधी करावंच लागलं नाही," ताई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "ऊन उतरलं की आत घ्यायच्या, मोजायच्या, कडी लावायची. मग तुझ्या पाळीला जायचं. मी शनिवारच्या गाडीने निघतेय."

छोटूने तिच्याकडे बघितलं.

त्या संध्याकाळी तो अंगणात उतरला तेव्हा ताई आतल्या खोलीत पलंगावर बॅग उघडून बसली होती. बाहेर त्याची ये-ये, चल-चल, मग एक शिवी, मग पुन्हा गोडीगुलाबी. तिचे हात शिवशिवत होते. एका साडीची तिने तीनदा घडी केली.

"ताई," बाहेरून हाक आली, "एक कमी भरतेय."

ती उभी राहिली. दारापर्यंत गेली. कुठली कमी आहे आणि ती कुठे आहे हे तिला जागेवरून सांगता आलं असतं. ती परत येऊन पलंगावर बसली.

"शोध," ती म्हणाली. "सापडेल."

बराच वेळ गेला. मग कडी लागल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा एकदा, ओढून बघितल्याचा. छोटू आत आला तेव्हा गुडघ्यांना माती होती आणि केसांत अडकलेला पाचोळा.

"लंगडी होती," तो म्हणाला. "पिंपामागच्या फटीत. आडवं पडून काढावी लागली. ती रोज तिथेच जाऊन बसते का गं?"

"रोज."

"म्हणजे तू रोज संध्याकाळी..."

"हो," ताई म्हणाली. "रोज."

छोटू दारात उभा राहिला. मग तसाच मातीच्या गुडघ्यांनी खाली बसला, आणि तिच्या बॅगेची लागत नसलेली चेन ओढून द्यायला लागला.