बाबांनी उगारलेली चप्पल

मॉन्टीने चाक खोलायचा लोखंडी पाना बाबांच्या डोक्यात मागून घातला. ते पडले, तरी तो मारत राहिला. मी जिना उतरेपर्यंत बाबांचा चेहरा चेहरा उरला नव्हता.

मयूर विहारच्या आमच्या सोसायटीतलं हे पार्किंगचं भांडण. मॉन्टी समोरच्या ब्लॉकमधला. आज कोर्टात माझी साक्ष होती.

"ताई, चप्पलचं नीट आठवत नाही म्हण," कोर्टाच्या व्हरांड्यात माझा धाकटा भाऊ यतीन म्हणाला. "वरच्या गॅलरीतून काय दिसतं?"

"सगळं दिसतं."

"अगं यार, मॉन्टीच्या वकिलाची केसच ती आहे. गालावर चप्पल पडली, डोकं भडकलं, हातून झालं. थोडक्यात सुटेल आणि आपल्याच गेटवर उभा राहील."

माझा पोलिसांकडचा जबाब त्याने पुरता वाचलाच नव्हता. चपलेपाशी थांबला होता.

बाबांनी सगळी नोकरी बुटात काढली. निवृत्तीनंतर टाचा दुखायला लागल्या, तेव्हा आईने करोल बागेतून मऊ सोलची चप्पल आणली. मग बाबांना चपलांचं वेडच लागलं. आल्यागेल्याला सांगायचे, "दहा हजार वर्षांपूर्वी माणसाने झाडाच्या सालीची चप्पल विणली. पुढे राजे आले, टाचा आल्या, बूट आले, ऑफिसं आली. पण घरी आल्यावर बादशहासुद्धा काय शोधतो?" आई म्हणायची, "बादशहा, जेवायला चला."

आमच्या घरात 'चप्पल काढू का?' यावर हसायचं असतं. त्या दिवशी खाली, स्वतःच्या मित्रांसमोर, मॉन्टीने आईवरून शिवी दिली आणि बाबांनी खरोखरच काढली.

मॉन्टीच्या वकिलाने प्लास्टिकच्या पिशवीतली चप्पल वर धरली. पट्ट्यावर काळं रक्त वाळलं होतं.

"इसी से मारा था आपके पिताजी ने?"

"जी. गाल पर. पहले उन्होंने ही मारा."

मागे यतीनने बाकावर मूठ आपटली.

"मैडम, हमारे यहाँ सबके सामने चप्पल खाना मरने के बराबर है."

"बराबर होगा," मी म्हणाले. "पर वो मरा नहीं. गाड़ी तक गया. डिक्की खोली, सामान हटाया, पाना निकाला, वापस आया. किसी ने रोका, तो उसे धक्का दिया."

"और आपके पिताजी? चप्पल ताने खड़े थे?"

"नहीं. झुककर वापस पहन रहे थे. उनकी पीठ थी उसकी तरफ."

मॉन्टीने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "धीरे बोलिए, टाइप होने दीजिए."

मी पुन्हा सांगितलं. एका हाताने भिंत धरलेली. एक पाय उचललेला. अंगठा पट्ट्यात अडकला होता, तो ते बोटाने सरळ करत होते, तेव्हा पहिला घाव बसला. हाड फुटल्याचा आवाज वर गॅलरीत आला.

मागे आई उठली आणि पदर तोंडावर दाबून बाहेर गेली. यतीन तिच्यामागे गेला नाही.

"कौन सा पैर?" टायपिस्टने विचारलं.

"दाहिना," मी म्हणाले.