शिडीवर चढणार नाही

दवाखान्याच्या बागेभोवतीचं झुडपांचं कुंपण दोन माणसांएवढं उंच झालं होतं. माळणीने हाताला येईल तेवढं छाटलं आणि कात्री खाली ठेवली.

“वरचं कोण करणार?” मुकादमाने विचारलं.

“मीच. पण शिडीवरून नाही.”

गेल्या वर्षी तिचे दीर इथेच एका हातात छाटणीचं मशीन धरून शिडीवर उभे होते. ओल्या मातीत शिडीचा पाय रुतला, ती कलली आणि ते खाली आले. खुब्याचं हाड मोडलं. “त्याचंच लक्ष नव्हतं,” एवढंच मुकादम म्हणाला होता. ते तिच्या मनातून गेलं नव्हतं.

“सगळे चढतात. तूच काय मोठी लागून गेलीस?”

“घरी एक माणूस मोडून बसलंय. दुसरं नको.”

“मग मी दुसरा माळी बघतो.”

“बघा. त्यालाही भाऊजींचं सांगेन.”

दोन दिवस कुंपण तसंच राहिलं. फांद्यांनी खिडक्या झाकल्याची डॉक्टरांनी तक्रार केली, तेव्हा मुकादम तिला लांब दांड्याचं मशीन घ्यायला दुकानात घेऊन गेला. “तूच निवड. नंतर कुरकुर नको.”

दुकानदाराने पेट्रोलचं मोठं मशीन पुढे केलं. तिने ते डोक्याच्या वर धरलं आणि आकडे मोजले. चाळिसाला हात थरथरले. “याने माझाच पाय कापला जाईल.” दुसरं हलकं होतं, पण त्याचं पातं वळत नव्हतं, कुंपणाचा माथा कापता आला नसता. तिसरं बॅटरीवरचं होतं. दांडा लांब होणारा, पातं वळणारं, खांद्याला पट्टा. मूठ सोडली की पातं थांबतं का, हे तिने तीनदा पाहिलं.

“हे द्या. आणि चष्मा, हातमोजे, हेल्मेट.”

“लग्नाची खरेदी चाललीय का?” मुकादम वैतागला.

“लग्नाच्या वेळी एवढं पारखलं असतं तर बरं झालं असतं.”

दुकानदार हसला. मुकादमाने सामान उचललं.

दुसऱ्या दिवशी तिने जमिनीवर उभं राहून सगळं कुंपण छाटलं. खांदे भरून आले, पण मन हलकं होतं. दुपारी मुकादमाने मान वर करून पाहिलं.

“डावीकडे वाकडं झालंय. शिडी लाव आणि नीट कर.”

“उद्या करते,” पट्टा सोडत ती म्हणाली. “खालूनच.”

आणि ती बॅटरी चार्जिंगला लावायला निघून गेली.