आधी ओळ, मग गाणं

होबार्ट साइझमोरच्या खिशातला चष्मा अकरा वर्षांचा होता, पण नाकावर टेकणाऱ्या त्याच्या दोन्ही चकत्या अजून स्वच्छ पारदर्शक होत्या. रोज चष्मा लावणाऱ्याच्या चकत्या घामाने दोनेक वर्षांत पिवळ्या पडतात. याच्या भिंगांवर एक ओरखडासुद्धा नव्हता, आणि डावी काडी उघडताना नव्यासारखीच अडत असे.

कुणी कागद पुढे केला की होबार्ट तो चष्मा काढायचा, शर्टाच्या टोकाने पुसायचा, कागद हातभर लांब धरायचा आणि म्हणायचा, "नंबर बदललाय वाटतं. डेल्फिया, बघ गं काय म्हणतायत ते."

मग त्याची बायको वाचून दाखवायची. दवाखान्यात, बँकेत, खानावळीत, कधी चष्म्याच्या तर कधी दुसऱ्या निमित्ताने, बत्तीस वर्षं हेच चाललं होतं. होबार्टला वाचता येत नव्हतं. वडील खाणीत जायबंदी झाले तेव्हा सहावीतून त्याची शाळा सुटली आणि तो लाकडाच्या गिरणीत लागला. त्याआधीची वर्षंही शेवटच्या बाकावर अक्षरांकडे नुसतं बघण्यातच गेली होती. पूर्व केंटकीच्या त्या खोऱ्यात पुष्कळांना याचा अंदाज होता, पण कुणी बोलत नसे. झाकलेलं झाकलेलंच ठेवायचं, यालाच आपण चांगुलपणा समजतो.

गाणं मात्र त्याच्याकडे होतं. जत्रा, गुरांचे लिलाव, शनिवारचे नाच यांत तो तीस वर्षं गिटार घेऊन गायला. चारशेहून जास्त गाणी त्याला तोंडपाठ होती. वरच्या पट्टीत गेला की त्याचा आवाज किंचित फाटायचा, आणि नेमकं तेवढ्याचसाठी लोक चाळीस मैलांवरून यायचे. चोविसाव्या वर्षी त्याने गिरणीवर एक गाणं रचलं होतं. शहरातल्या कुणा माणसाने ते ध्वनिमुद्रित करून घेतलं आणि एका कागदावर सही मागितली. डेल्फिया सोबत नव्हती; होबार्टने न वाचताच सही केली. सहा महिन्यांनी ते गाणं रेडिओवर लागलं, दुसऱ्याच्या नावाने. होबार्टने तक्रार केली नाही. तक्रार करायची तर कागद वाचला नव्हता, हेही सांगावं लागलं असतं.

तो चोपन्न वर्षांचा असताना डेल्फियाने त्याचं नाव दूरदर्शनवरच्या गाण्याच्या स्पर्धेला पाठवलं, आणि बघता बघता तो शेवटच्या पाचांत पोचला. दर आठवड्याला नवं गाणं मिळायचं. त्याचा कागद मिळाला की तो डेल्फियाला नॅशव्हिलला, स्पर्धेच्या शहरात, बोलावून घ्यायचा. ती एक ओळ म्हणायची, तो तीच ओळ चालीत म्हणायचा. दोन फेऱ्यांत गाणं पक्कं. मंचासमोरच्या पडद्यावर शब्द सरकत असायचे. बाकीच्यांची नजर तिथे चिकटलेली, याची नाही. परीक्षकांपैकी एकजण भारावून म्हणाला होता, "हा पडद्याकडे बघतच नाही. लोकांच्या डोळ्यांत बघून गातो." सगळ्या देशाने टाळ्या वाजवल्या. होबार्टने मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

मग पुढच्या सोमवारचा नियम कळला. प्रेक्षक गाणं निवडणार, पाकीट मंचावरच उघडणार, आणि पडद्यावरचे शब्द बघून तिथल्या तिथे गायचं. थेट प्रक्षेपण.

शनिवारी तो दोन दिवसांसाठी घरी आला. डेल्फियाने मक्याचा पाव आणि शिजवलेले घेवडे पुढे ठेवले. त्याने ताट सरकवलं.

"घसा बसलाय म्हणून कळवतो," तो म्हणाला.

"कुणाचा? सकाळपासून न्हाणीघरात कोण रेकत होतं मग?"

"डेल्फिया, चेष्टा नको."

"बरं, चेष्टा नाही. सरळ सांगते. बत्तीस वर्षं मी तुझे डोळे झालेय. त्याचं मला काही नाही. पण स्पर्धेचा तो अर्ज मी पाठवला ना, त्यावर 'स्वतःच्या हाताने भरा' असं लिहिलेलं होतं. मी भरला आणि खाली तुझं नाव टाकलं. मीसुद्धा खोटं बोलायला शिकले, होबार्ट. आणि मी उद्या मेले तर औषधाच्या बाटलीवरचं तुला कोण वाचून देणार?"

"असलं बोलू नकोस."

"तूच बोलत नाहीस म्हणून मला बोलावं लागतं. जेव."

रविवारी दोघे प्रार्थनेला गेले. त्यांच्या चर्चमध्ये वाद्य नाही. ईनस व्हिटाकर नावाचे त्र्याऐंशी वर्षांचे वडीलधारे पुढे उभे राहतात, भजनाची एक ओळ भरभर म्हणतात, आणि मग सगळे मिळून तीच ओळ लांबवत, वळवत गातात. मग पुढची ओळ. होबार्ट गाणं शिकला तो इथेच, आईच्या मांडीवर बसून. त्या दिवशी मात्र त्याच्या तोंडून आवाज फुटला नाही. ईनस यांनी ते टिपलं.

प्रार्थनेनंतर झाडाखालच्या टेबलांवर जेवणं मांडली होती. कोंबडीचा तुकडा हातात घेऊन ईनस त्याच्याशेजारी येऊन बसले.

"काय रे, दूरदर्शनवर गाणारा झालास म्हणून आमच्यात गात नाहीस?"

"तसं नाही, ईनसभाऊ." होबार्टने आजूबाजूला पाहिलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा, बायकोखेरीज कुणाला.

ईनस चावत राहिले. मग म्हणाले, "मी अठ्ठावन्नाव्या वर्षी वाचायला शिकलो."

"तुम्ही? पुस्तक हातात धरून ओळ सांगता की."

"तेव्हाही धरत होतो. पाठ होतं सगळं, पानं आपली अंदाजाने उलटायची. मग वाचनालयातल्या मागच्या खोलीत एक बाई शिकवायच्या, तिथे जायला लागलो. मंगळवारी आणि गुरुवारी. पहिला महिनाभर गाडी पेंडीच्या दुकानासमोर लावायचो. म्हटलं, कुणी बघितलं तर वाटेल, म्हातारा पेंड घ्यायला आलाय. एक दिवस बघतो तर शेजारच्या चेस्टरची गाडी तिथेच. त्याच्याकडे तर एक कोंबडीसुद्धा नव्हती."

होबार्टला हसू आलं आणि लगेच मावळलं. "तुमचं वाचनालय होतं, ईनसभाऊ. इथे सगळा देश बघणार. आपल्याबद्दल आधीच काय बोलतात ते ठाऊक आहे ना? डोंगरातले अडाणी, पायात बूट नाहीत, तोंडात दात नाहीत. मी अजून एक काठी त्यांच्या हातात देऊ?"

"हसणारे हसतील. त्यांना कोण अडवणार? पण मला एक सांग, आपण ओळ का सांगतो?"

"रीत आहे."

"रीत कशामुळे पडली? पुस्तकं थोडी होती आणि वाचणारे त्याहून थोडे. तेव्हा आपल्या जुन्या लोकांनी असं नाही म्हटलं, की ज्याला वाचता येतं त्यानेच गावं. त्यांनी ठरवलं, ज्याला येतं त्याने सांगायचं, बाकीच्यांनी गायचं. न वाचणाऱ्यासाठी अख्खी प्रार्थना बदलली रे. आणि तू त्याच बाकावर बसून लाजतोस?"

होबार्ट टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत राहिला.

"न येणं हा दोष नाही," ईनस म्हणाले. "तुला शाळा मिळाली नाही, त्यात तुझं काय चुकलं? पण लपवणं महाग पडतं. तुझं गाणं गेलं, ते न वाचल्यामुळे गेलं हे खरं. ते परत आलं नाही, ते मात्र लपवल्यामुळे. आणि उद्या टीव्हीसमोर तुझ्यासारखे किती बसले असतील, खिशात न वापरलेला चष्मा घेऊन? ते काय बघतील? होबार्टचा घसा बसला, एवढंच?"

"चष्म्याचं तुम्हाला माहीत होतं?"

"चष्मा लावणाऱ्याच्या नाकावर खूण असते, पोरा. तुझं नाक लहान मुलासारखं आहे. खरं तर मीच विचारायला हवं होतं, दहा वर्षांपूर्वी. लाजेल म्हणून गप्प बसलो. ती माझी चूक."

त्यांनी हात पुसले आणि उठले. "मंगळवारी मी वाचनालयात असतो. आता मी शिकवतो. गाडी दारासमोर लावायची, एवढी एकच अट."

सोमवारी संध्याकाळी सात वाजता होबार्ट मंचावर उभा होता. डेल्फिया पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून. मागे वादक तयार होते. निवेदिकेने पाकीट उघडलं, गाण्याचं नाव सांगितलं आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. होबार्टने ते गाणं कधीच ऐकलं नव्हतं. वादकांनी एकदा त्याची चाल वाजवून दाखवली. चाल त्याला लगेच कळली. पडद्यावर शब्दांची पहिली ओळ उमटली, पांढरी, ठळक, आणि तिथेच थांबून राहिली.

त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला. त्याने चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसायला लागला आणि मध्येच थांबला. मग त्याने काड्या मिटून चष्मा शेजारच्या स्टुलावर ठेवला.

"तयार आहात, होबार्ट?" निवेदिकेने विचारलं.

त्याने पडद्यावरून नजर काढली आणि डेल्फियाकडे पाहिलं. ती मान हलवत नव्हती, डोळेही पुसत नव्हती. नुसती बघत होती. वादकांनी पुन्हा सुरुवात केली. होबार्टने हात वर करून त्यांना थांबवलं. शेवटच्या रांगेतलं कुणाचं तरी खोकणंसुद्धा मंचावर ऐकू आलं.

"चाल येते मला," तो म्हणाला. नेहमी वरच्या पट्टीत फाटणारा आवाज आज खालच्या पट्टीतच जरा फाटला. त्याने घसा साफ केला आणि सरळ समोर बघितलं. "शब्द येत नाहीत, कारण मला वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं. उद्यापासून मी शिकायला जाणार आहे. पण आज हे गाणं मला गायचंय. आमच्याकडे ज्याला वाचता येतं तो आधी ओळ सांगतो. तुमच्यापैकी कुणीतरी मला ओळ सांगा."